भंगार किती, नवं किती? ६०० × ४०० चा घरगुती सीएनसी राउटर

खटपट्या (धागाकर्ता)

प्लायवूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक आणि कधीमधी ३ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा, एवढं संगणकाच्या हुकमाने कापणारा (म्हणजे सीएनसी) राउटर डोळ्यांसमोर ठेवून धागा काढतोय. कामाचं माप असं: एक्स (आडवा) ६०० मिमी, वाय (पुढे-मागे) ४०० मिमी, झेड (खाली-वर) ८० मिमी. टेबल जागेवर स्थिर, वरची कमान सरकणार.

माझा नियम साधा आहे. जे भाग नुसतं वजन पेलतात किंवा वीज देतात ते भंगारातून घ्यायचे. जे भाग माप धरतात ते नवे. म्हणजे सांगाडा, पॅनेलचा डबा, पंखे, ट्रान्सफॉर्मर, जमल्यास मोटरी हे भंगारातून. रेल, बॉलस्क्रू (गोळ्यांच्या नटवर चालणारा, अक्ष सरकवणारा स्क्रू), त्याची सपोर्ट बेअरिंगं, कपलिंग (मोटर आणि स्क्रूचा जोड), कोलेट (कटर पकडणारी चिमटी), कटर हे नवे. बरेच जण नेमकं उलटं करतात. चकचकीत नवं अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल घेतात आणि त्यावर प्रिंटरमधून काढलेले दांडे बसवतात. खर्च होतो तो होतो, वर मशीन थरथरतंच.

सामान:

सांगाडा – ५० × ५० × ३ मिमी एमएस स्क्वेअर पाइप, साधारण ९ मीटर. मीटरला ४.४ किलो, म्हणजे ४० किलोच्या आसपास.
वाय रेल – एचजीआर२०, ७५० मिमीच्या दोन. एक्स रेल – तीच, ८५० मिमीच्या दोन. झेडला एचजीआर१५, २५० मिमीच्या दोन. प्रत्येक अक्षाला चार, असे एकूण बारा ब्लॉक (रेलवर सरकणारे तुकडे).
बॉलस्क्रू – वायला दोन आणि एक्सला एक १६१०, झेडला १६०५ (१६ मिमी व्यास; लीड, म्हणजे एका फेरीतली चाल, १० आणि ५ मिमी). बीके१२-बीएफ१२ सपोर्टचे चार संच.
मोटर – नेमा २३ मापाची स्टेपर (ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी), १.९ न्यूटन-मीटर, २.८ अँपिअर, चार नग. ती चालवणारा ड्रायव्हर डीएम५४२, चार नग.
पॉवर सप्लाय – ३६ व्होल्ट १० अँपिअर.
स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) – १.५ किलोवॅट, २४,००० आरपीएम, ईआर११ कोलेट, सोबत व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह).
कंट्रोलर – अर्डुइनो उनो, त्यावर जीआरबीएल १.१ (मोटरींना हुकूम देणारं सॉफ्टवेअर).

रेलची लांबी काढताना हमखास चूक होते. ४०० मिमी चाल हवी म्हणून ५०० ची रेल घेतात. कमानीच्या पायाखालचे दोन ब्लॉक एकमेकांपासून निदान २५० मिमी लांब हवेत, नाहीतर कटर अडला की कमान तिरकी होते. ४०० अधिक २५० अधिक दोन्ही टोकांना थोडी मोकळीक, म्हणून ७५०.

कुठे चुकतंय ते सांगा.

रात्रपाळी

वाखूत (वाचनखुणांत) टाकला.

झेरॉक्स मशीनमधून निघणारे १२ मिमीचे दांडे इतके गुळगुळीत आणि कडक असतात. ते एकदम बाद का? त्यांचं बुशिंगही सोबत मिळतं.

खटपट्या

गुळगुळीतपणाचा प्रश्नच नाही, वाकण्याचा आहे. दोन टोकांवर टेकवलेला ६०० मिमी लांबीचा १२ मिमी स्टीलचा दांडा, मध्ये ५० न्यूटन (साधारण ५ किलो) भार: वाक १.१ मिमी. दोन दांड्यांत भार वाटला तरी अर्धा मिमीच्या वर. दांडा २० मिमीचा घेतला तर तोच आकडा एका दांड्याला ०.१४ वर येतो, कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि वाक लांबीच्या घनाने. टोकं घट्ट आवळून वाक चौथाईवर येतो असं पुस्तकात असतं, पण आपले होल्डर तेवढे घट्ट नसतात.

म्हणून हे दांडे २०० मिमीच्या आतच वापरा. पेन प्लॉटर, लहान लेझर, पीसीबी कोरायचं यंत्र, तिथे उत्तम. लाकूड कापायला नको.

दीड_सूत

@खटपट्या, “रेल नव्याच” हे मान्य नाही. स्वस्तातल्या नव्या बिनब्रँडच्या रेलपेक्षा जुन्या पिक-अँड-प्लेस (सर्किट बोर्डावर सुटे भाग बसवणाऱ्या) किंवा पीसीबी ड्रिलिंग मशीनमधून निघालेली ग्राउंड रेल कितीतरी सरस असते. भोसरीकडच्या भंगार दुकानांत ती किलोच्या भावाने निघते, पुण्याच्या जुन्या बाजारातही अधूनमधून दिसते. फक्त तपासून घ्यायची.

१. गोळ्यांच्या वाटेवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर खड्डा आहे, रेल सोडून द्या. तपकिरी डाग रॉकेलने निघतो, गंजाचा खड्डा निघत नाही.
२. ब्लॉक पूर्ण लांबीवर हळू सरकवा. एकसारखा जडपणा चालतो, तो प्रीलोड (गोळ्या मुद्दाम घट्ट बसवल्याचा) आहे. मध्येच हलका, मध्येच जड असेल तर वाट झिजलेली आहे. खरखर असेल तर आत कचरा आहे किंवा गोळ्या फुटल्यात.
३. ब्लॉक हाताने पिळून पाहा. जाणवण्याइतका खेळ असेल तर नको.
४. जोडी एकाच मशीनची घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्लॉकची उंची जुळत नाही. एचजीआर१५ वर एचजीएच ब्लॉक २८ मिमी उंच, एचजीआर२० वर ३०. तुमची कमानीची प्लेट त्या मापावर ठरते.

आणि दुकानात उभं राहून ब्लॉक रेलवरून उतरवू नका. काही जुन्या ब्लॉकांत गोळ्या अडवणारी तार नसते, सगळ्या जमिनीवर सांडतात. उतरवायचाच असेल तर रेलच्या आकाराचा प्लास्टिकचा तुकडा टोकाला लावून त्यावर सरकवा.

खटपट्या

रेलबाबत माघार. तपासणी जमत असेल तर जुनी रेल घ्या. पण मग तोच न्याय जुन्या बॉलस्क्रूला लावू नका.

भंगारातला बॉलस्क्रू बहुतेक सीएनसी लेथचा किंवा व्हीएमसीचा (उभ्या मिलिंग मशीनचा) असतो, २५ किंवा ३२ मिमी व्यासाचा. फिरवायची जडता व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. तेवढ्याच लांबीचा ३२ चा स्क्रू १६ च्या सोळापट जड पडतो, नेमा २३ त्याला झटकन पळवूच शकत नाही. शिवाय पृष्ठभाग कडक केलेला असतो, त्यामुळे कापून टोकाला १० मिमीची पायरी वळवायला गेलात की साधा टूल घासत बसतो. कार्बाइड टूल आणि धीराचा टर्नर लागतो, नाहीतर ग्राइंडिंग. नव्या १६१० ला टोकं तयार करून मिळतात.

उद्यमनगर_फिटर

सांगाड्यावर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त वाया जातं.

पाइपच्या ३ मिमी भिंतीत एम५ चे आटे पाडून रेल बसवू नका. एम५ चा पिच ०.८, म्हणजे जेमतेम साडेतीन आटे मिळतात. दोनदा उघड-बंद केलं की सुटले. पाइपवर १० मिमी जाड पट्टी वेल्ड करा आणि तिच्यात ४.२ मिमी ड्रिल मारून एम५ चा टॅप मारा. रेलची भोकं ६० मिमी अंतरावर असतात. सगळी आधीच मारू नका. रेलच ठेवून मार्किंग करा, दोन टोकांची मारा, बसवून बघा, मग मधली.

वेल्डिंग: सगळा सांगाडा आधी चारही कोपऱ्यांत फक्त टॅक करा. गुण्या लावा, कर्ण मोजा, मग २५-३० मिमीचे तुकडे समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून पालटून. एका कोपऱ्यात सलग रांगोळी काढली की पाइप तिकडे ओढला जातोच.

कितीही सांभाळलं तरी दोन पट्ट्या एका पातळीत येत नाहीत. अर्धा मिमी फरक सहज राहतो. त्यावर तीन उपाय.

पहिला, सर्वांत चांगला: सांगाडा एमआयडीसीत प्लॅनो-मिलिंग (मोठे भाग सपाट कापून देणं) करणाऱ्याकडे न्या आणि दोन्ही पट्ट्या एकाच सेटिंगमध्ये मारून घ्या. बांधताना वाकवून घट्ट बांधू देऊ नका. तीन ठिकाणी टेकवून, उरलेल्या ठिकाणी खाली शिम (पातळ पत्र्या) देऊन बांधायला सांगा. वाकवून बांधलेला सांगाडा क्लॅम्प सुटताच परत वाकडा होतो.

दुसरा, इपॉक्सी ओतणे. दोन्ही पट्ट्यांभोवती टेपचा बांध घाला, दोघींना जोडणारी एक आडवी नाळ ठेवा आणि पातळ, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी निदान ६ मिमी जाड ओता. नाळेमुळे दोन्हीकडे पाण्यासारखी एकच पातळी येते. कडेला वर चढलेली किनार नंतर खरवडून काढावी लागते. पटकन घट्ट होणारं इपॉक्सी अजिबात नको, ते गरम होऊन मध्ये खड्डा धरतं. रेल चढवायला आठवडाभर थांबा.

तिसरा, पितळी पत्रीचे शिम. स्वस्त, पण वेळखाऊ.

रेल बसवताना एक पक्की, दुसरी सैल. पहिली रेल सरळपट्टीवर डायल (सुईचं मापयंत्र) फिरवून ०.०३ च्या आत सरळ करा आणि आवळा. दुसरीचे बोल्ट हाताने लावा, कमान चढवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत न्या आणि कमान जिथे उभी आहे तिथलाच बोल्ट आवळा. दोन्ही रेल आधीच आवळून वर कमान बसवली तर ती मध्ये सैल आणि टोकाला जाम होते, आणि दोष मोटरला दिला जातो.

भुस्सा

फिटरसाहेब, दंडवत. कमानीच्या आडव्या पाइपला अ‍ॅल्युमिनियम ८०४० प्रोफाइल चालेल का? वजन वाचेल.

उद्यमनगर_फिटर

चालेल, पण हिशोब धरून. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या एक तृतीयांश ताठ. ८०४० आडवं नका ठेवू, ८० ची बाजू उभी ठेवा. त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे कमानीवर पीळ बसतो, कारण कटर रेलच्या खाली १००-१५० मिमी लोंबत असतो. उघड्या खाचांचं प्रोफाइल पिळाला कमजोर असतं, बंद चौकोनी पाइप मजबूत. स्क्रू फिरवायची ताकद इथे भरपूर आहे, त्यामुळे वजन वाचवायची घाई नको.

साडेतीन_फेज

ताकदीचा मुद्दा बरोबर आहे. १ न्यूटन-मीटर मोटर ५ मिमी लीडच्या बॉलस्क्रूवर साधारण ११०० न्यूटन ढकलते, १० मिमी लीडवर ५५०. लाकडाला दोन्ही खूप जास्त. म्हणून धागाकर्त्याने एक्स-वायला १६१० घेतला ते योग्यच. ६०० आरपीएमला १६०५ वर ३००० मिमी/मिनिट मिळतात, १६१० वर ६०००. स्टेपरचा जोर वेग वाढला की घसरतो, त्यामुळे वेग लीडमधून काढावा, आरपीएममधून नव्हे.

आता भंगारातल्या मोटरी. ओळखायच्या अशा:

चार तारा असतील तर बायपोलर (दोन सुटी वाइंडिंग), सरळ वापरा. सहा तारा म्हणजे दोन वाइंडिंग, प्रत्येकाला मधला टॅप. दोन तारा एकमेकींना जोडा आणि शाफ्ट फिरवा; जड लागला तर त्या एकाच वाइंडिंगच्या. मग मल्टिमीटर: टोक ते टोक दुप्पट रोध, टोक ते मधला टॅप निम्मा. डीएम५४२ ला दोन टोकं लावा, मधली तार टेप लावून सोडून द्या. करंट मात्र मोटरवर लिहिलेल्याच्या ०.७ पट ठेवा, कारण आता पूर्ण वाइंडिंग तापणार.

पाच तारांच्या मोटरमध्ये मधले टॅप आत एकत्र जोडलेले असतात. उघडून जोड कापता आला तर ठीक, नाहीतर बाद. इंकजेट प्रिंटरमधल्या पत्र्याच्या डबीच्या ७.५ अंशाच्या मोटरी बाद. डॉट मॅट्रिक्समधल्या बऱ्या असतात, पण बहुतेकांचा जोर नेमा १७ एवढाच. आणि ज्या मोटरचा रोध २०-३० ओहम आहे ती १.८ अंशाची असली तरी सोडून द्या. तिचं इंडक्टन्स इतकं जास्त असतं की वेग धरतच नाही.

व्होल्टेज: ३२ गुणिले इंडक्टन्सचं (मिलिहेन्रीत) वर्गमूळ, ही वरची मर्यादा. २.२ मिलिहेन्रीला ४७ व्होल्ट येतात. पण डीएम५४२ ची मर्यादा ५० आहे आणि ब्रेक मारताना मोटर उलटी वीज परत ढकलते. ४८ वर चालवलेला ड्रायव्हर जातो तो असा. ३६ ठेवा.

अवांतर: वीज चालू असताना मोटरची तार ड्रायव्हरपासून काढली की ड्रायव्हर गेला. सैल स्क्रू टर्मिनलही तेच करतो, म्हणून तारेच्या टोकाला फेरूल (धातूची टोपी) दाबा.

दीड_सूत

पॉवर सप्लायसाठी भंगारातला ट्रान्सफॉर्मर चालतो, तो स्टेपरची उलटी वीज एसएमपीएसपेक्षा शांतपणे गिळतो. जुन्या कंट्रोल पॅनेलमधला २४ व्होल्ट एसीचा शोधा. २४ × १.४१, वजा ब्रिजचे १.४ व्होल्ट, म्हणजे ३२.५ व्होल्ट डीसी. १०,००० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा कॅपॅसिटर आणि त्याला समांतर २.२ किलोओहम २ वॅटचा रेझिस्टर लावा, नाहीतर मेन बंद केल्यावरही तो बराच वेळ भरलेला राहतो. चार मोटरींच्या करंटची बेरीज ११ अँपिअर, त्याचे दोन तृतीयांश धरले तरी साडेसात लागतात. तेवढ्या व्हीएचा आहे का ते पाहा. त्याच पॅनेलमधून ११० व्होल्टचाही निघतो. तो लावलात तर १५५ व्होल्ट डीसी होतील. मोजल्याशिवाय काही जोडू नका.

यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर मात्र नको. तो दहा-पंधरा मिनिटांच्या बॅकअपसाठी बनवलेला असतो, सलग चालवला की तापतो.

रात्रपाळी

स्पिंडलला जुन्या मिक्सरची मोटर? आरपीएम तर भरपूर.

साडेतीन_फेज

नको. मिक्सरच्या मोटरला बहुतेक वेळा बुश असतो, बॉल बेअरिंग नव्हे. कटर बाजूने दाबला की शाफ्ट डगमगतो. कोलेट नाही, गिरमिटाचा चक लावला तर २०,००० आरपीएमला तो उडू शकतो. ट्रेडमिलची मोटर ताकदीची, पण वेग चार-पाच हजारांच्या आसपास, लाकडाला कमी. स्वस्तात करायचं तर नवा ट्रिमर राउटर घ्या. आवाज कानठळ्या बसवेल आणि ब्रश बदलावे लागतील, पण बेअरिंग आणि कोलेट खरे असतात.

१.५ किलोवॅटच्या स्पिंडलसोबत व्हीएफडी घेणाऱ्यांनी हे आधी वाचा. स्पिंडल दोन पोलचा, ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम. व्हीएफडी डब्यातून निघतो तो मात्र ५० हर्ट्झच्या मोटरसाठी लावलेला असू शकतो. तसाच चालू केला तर ५० हर्ट्झलाच पूर्ण २२० व्होल्ट मिळतात, करंट अनेकपट जातो आणि वाइंडिंग जळतं. हुआनयांग व्हीएफडीत मोटर जोडायच्या आधी ही सेटिंग करा: पीडी००५ = ४००, पीडी००४ = ४००, पीडी०११ = १२०, पीडी१४१ = २२०, पीडी१४२ = स्पिंडलवर लिहिलेला करंट, पीडी१४३ = २, पीडी१४४ = ३०००. शेवटच्या आकड्याने गोंधळू नका, तो ५० हर्ट्झचा आरपीएम आहे. पीडी०११ मुळे ७२०० आरपीएमखाली चालत नाही. हवेवर थंड होणाऱ्याला ते हवंच, त्याचा पंखा शाफ्टवरच असतो.

दुसरी गोष्ट. स्पिंडलच्या गोल प्लगची चौथी पिन अर्थची समजली जाते, पण कित्येकदा आत ती कुठेच जोडलेली नसते. मल्टिमीटरने पिन ते बॉडी तपासा. बीप नाही आला तर बॉडीला वेगळी अर्थ वायर लावा.

भुस्सा

आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतोय व्हीएफडी लावला की. अर्थ काढून चालतं म्हणतात?

साडेतीन_फेज

अर्थ काढायची नाही. अजिबात. व्हीएफडीच्या फिल्टरमधून अर्थकडे थोडा करंट जातोच, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्यावर पडतो. अर्थ काढली की तोच करंट मशीनच्या सांगाड्यावर बसतो, आणि सांगाड्याला तुमचा हात. वायरमनकडून वेगळी लाइन आणि व्हीएफडीला चालणाऱ्या प्रकारचा आरसीसीबी घ्या. दोन पिनांचा अडॅप्टर कुठेही मध्ये नको, लॅपटॉपच्या चार्जरलाही नको. यूएसबी मध्येच तुटण्याचं ते एक मोठं कारण आहे.

खटपट्या

नॉइजचंच (व्हीएफडीमुळे तारांत घुसणाऱ्या खोट्या सिग्नलांचं) पुढे नेतो. स्पिंडल चालू झाला की जीआरबीएल “अलार्म १” देतो, म्हणजे हार्ड लिमिट (अक्षाच्या टोकाचा स्विच) लागल्याचा. स्विच कोणी दाबलेला नसतो. उनोचा आतला पुलअप (पिन ५ व्होल्टवर धरणारा रेझिस्टर) फार कमजोर असतो, लांब तार अँटेनासारखी वागते. उपाय या क्रमाने: लिमिट स्विच एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) लावा आणि $५=१ करा; प्रत्येक लिमिट पिनवर ५ व्होल्टकडे २.२ किलोओहम आणि ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरड, लिमिटची केबल शील्डवाली, शील्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ, व्हीएफडीची केबलही शील्डवाली आणि बाकी तारांपासून निदान १५० मिमी लांब, ओलांडायचीच तर काटकोनात. तरीही आलाच तर ऑप्टोकपलर.

सीएनसी शील्ड व्ही३ (उनोवर बसणारा बोर्ड) वापरणाऱ्यांसाठी: तिच्यावर “झेड लिमिट” छापलेली पिन जुन्या जीआरबीएलची आहे. आता डी११ वर स्पिंडलचा पीडब्ल्यूएम येतो आणि झेड लिमिट डी१२ वर. म्हणून झेडचा स्विच स्पिंडल एनेबल छापलेल्या पिनवर लावा. होमिंगला (स्विचपर्यंत जाऊन शून्य शोधताना) झेड वर जाऊन आदळत असेल तर बहुधा हेच.

सेटिंग, १/८ मायक्रोस्टेप (मोटरच्या एका पायरीचे आठ भाग) धरून: $१००=१६०, $१०१=१६०, $१०२=३२०, हे एक्स, वाय, झेडचे स्टेप/मिमी. वेग $११०, $१११=५०००, $११२=१५००. प्रवेग $१२० आणि $१२१=१००, झेडला ५०; स्टेप चुकेपर्यंत वाढवत न्या आणि त्याच्या ७० टक्क्यांवर थांबा. $१=२५५, नाहीतर थांबल्यावर मोटर सैल सुटते. $० तसाच १० ठेवा. ५००० ला १६० स्टेप म्हणजे सेकंदाला १३,३०० पल्स, उनोची मर्यादा साधारण ३०,०००. १/३२ मायक्रोस्टेप लावायचा मोह होतो. मग ५३,००० लागतील, जमणार नाही, आणि अचूकताही वाढत नाही.

दीड_सूत

भंगारात पॅरलल पोर्टवाला डेस्कटॉप असेल तर उनोऐवजी लिनक्ससीएनसी (पीसीवरून थेट मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) बघा. आधी लेटन्सी टेस्ट (पीसी हुकमाला किती उशीर करतो याची) अर्धा तास चालवा, सोबत ब्राउझर, फाइल कॉपी असं सगळं चालू ठेवून. २०,००० नॅनोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम. वर जात असेल तर बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग आणि वीज वाचवणारे पर्याय बंद करा. काही पोर्ट ५ ऐवजी ३.३ व्होल्ट देतात, त्यांना ड्रायव्हरचा ऑप्टो नीट लागत नाही. बफर असलेला ब्रेकआउट बोर्ड घ्या.

वायला दोन मोटरी आहेत म्हणून आणखी एक. साधा जीआरबीएल १.१ दोन्ही बाजू वेगवेगळ्या होम करत नाही. लिनक्ससीएनसी, ग्रबलहॅल किंवा ईएसपी३२ वरचं फ्लुइडएनसी करतं. उनोच ठेवायचा तर कमानीच्या दोन्ही पायांना पक्के थांबे बसवा आणि वीज द्यायच्या आधी कमान दोन्हीकडे टेकवा.

उद्यमनगर_फिटर

थांबे बसवताना काटकोन असा बघा. टाकाऊ प्लायवर ६०० × ४०० चा आयत ठेवून चार कोपऱ्यांत ३ मिमीची भोकं पाडा. दोन्ही कर्ण ७२१.१ यायला हवेत. कर्णांत १.७ मिमी फरक आला तर ४०० च्या बाजूत तिरपेपणा १ मिमी आहे. पण थांबे त्याहून लांब असतात, म्हणून फरकाला दोन थांब्यांमधल्या अंतराने (मिमीत) गुणा, ६६५ ने भागा आणि तेवढा एक थांबा सरकवा.

भुस्सा

पहिला गोल कापला. गोल नाही आला. कसं शोधायचं?

खटपट्या

१०० मिमीचा गोल खूण घालून कापा, म्हणजे एक्सची दिशा कळेल. मग:

एक्स किंवा वायच्या दिशेने लांबट – त्या अक्षाचे स्टेप/मिमी चुकलेत.
४५ अंशात लांबट – कमान काटकोनात नाही, फिटरसाहेबांचे कर्ण मोजा.
चार बाजूंना, जिथे अक्ष दिशा बदलतो तिथे, सपाट चट्टे – बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारी चाल). डायल टेकवून ०.१ च्या पायऱ्यांनी पुढे जा, मग मागे या; किती पायऱ्यांनंतर सुई हलते ते बघा. बीके१२ चा नट सैल, कपलिंगचा स्क्रू सैल, मग शेवटी बॉलनट, या क्रमाने तपासा.
सुरुवात आणि शेवट जुळत नाहीत, प्रत्येक थराला सरकत जातं – स्टेप चुकताहेत. प्रवेग कमी करा.
कडा लाटेसारखी – सांगाडा किंवा कटर थरथरतोय. कटर कोलेटमध्ये आत ढकला, बाहेरची लांबी गरजेपुरतीच.

टीआर८ च्या स्वस्त लीडस्क्रूवर मशीन केलेल्यांसाठी: सर्पिल खाच असलेलं कपलिंग स्प्रिंगसारखं ताणलं-दाबलं जातं. मागे थ्रस्ट बेअरिंग (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा दाब पेलणारं) नसेल तर ते बॅकलॅशसारखंच दिसतं आणि नट बदलून जात नाही.

फीडसाठी: आरपीएम × दातांची संख्या × दातामागे चिपची जाडी (मिमी). ६ मिमी दोन दाती कटर, १८,००० आरपीएम, प्लायला ०.०८ धरलं तर २८८० मिमी/मिनिट, एका थरात ३ मिमी. घाबरून ८०० वर चालवलं तर कटर कापत नाही, घासतो. भुस्सा पिठासारखा येतो आणि कडा जळते. अ‍ॅल्युमिनियमला ३.१७५ मिमी एक दाती, १८,००० × ०.०३ म्हणजे ५४०, थर ०.३, आणि खोबणीतल्या चिप्स हवेने सतत उडवायच्या, नाहीतर त्या वितळून कटरला चिकटतात. अ‍ॅक्रिलिक कास्ट घ्या, एक्स्ट्रुडेड वितळतं.

रात्रपाळी

वीज गेली तर?

साडेतीन_फेज

१६०५ वर झेड आपल्या वजनाने खाली येतो, बॉलस्क्रू उलटा सहज फिरतो. टीआर८ मध्ये लीड ८ मिमी असतो, तोही सरकतो. कटर कामात रुतून तुटतो. गॅस स्प्रिंग बसवा किंवा दुकानाच्या शटरची जुनी स्प्रिंग, वजनाच्या साधारण ८० टक्के उचलेल अशी. वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होऊ नये म्हणून मेनला कॉन्टॅक्टर लावा, हिरवं-लाल बटण आणि मशरूम स्विच त्याच्याच कॉइलमध्ये. हा मशरूम स्विच अर्डुइनोच्या पिनला जोडून समाधान मानू नका. त्याने व्हीएफडी आणि मोटरींची वीजच तुटली पाहिजे.

भुस्सा

गॅस स्प्रिंग किती न्यूटनची?

साडेतीन_फेज

स्पिंडल, प्लेट आणि मोटर काट्यावर ठेवून वजन करा. ७ किलो भरलं तर साधारण ७० न्यूटन, त्याचे ८० टक्के ५५. बाजारात ५० ची मिळते, ती लावा. चाल ८० मिमीपेक्षा जास्त हवी, १०० ची घ्या, आणि दांडा खाली येईल अशी उभी बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं.